शस्त्राची अंगावरील जागा : पिस्तूल-धारणेचा सोय आणि सुरक्षितता या दृष्टींनी विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या मनुष्यावर ते झाडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पोलीस अधिकारी असो, रणगाड्यावरील सैनिक असो वा परवाना मिळालेला नागरिक असो, दिवसातील आठ-दहा तास ते शस्त्र त्याच्या देहावर एक ओझे म्हणूनच राहते. या ओझ्याची जागा कोणती असावी, हा प्रश्न वरकरणी केवळ सोयीचा व म्हणून गौण वाटतो. शस्त्रांविषयीच्या लेखनात नळीची लांबी, काडतुसाचा व्यास आणि नेमबाजीचा पवित्रा यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे शस्त्र झाडले जात नाही त्या दीर्घ वेळास मिळत नाही. वस्तुतः शस्त्र निसटणे, हरवणे, दुसऱ्याच्या हाती पडणे, किंवा अनवधानाने गोळी सुटून धारकाचाच पाय वा प्राण जाणे, या साऱ्या आपत्ती त्या दीर्घ वेळातीलच होत.

धारणेची जागा ठरविताना शस्त्र किती त्वरेने बाहेर काढता येते, हा निकष सामान्यतः प्रथम मांडला जातो. तो निरर्थक नाही. परंतु त्याच्याही आधी येणारा एक निकष आहे. शस्त्र हात न लावता जागच्या जागी किती वेळ राहू शकते, हा तो निकष होय. जागच्या जागी निवांत असलेले, चाप झाकलेले पिस्तूल आपण होऊन सहसा सुटत नाही. हात त्याच्याकडे जातो, ते सरकविले जाते, काढून बाजूस ठेवले जाते, पुन्हा खोचले जाते, तेव्हा धोका उत्पन्न होतो. आणि हात त्याच्याकडे जातो तो बहुधा ते टोचते म्हणून. सोय आणि सुरक्षितता हे दोन स्वतंत्र विषय नसून पहिलीच्या अभावी दुसरी टिकत नाही, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

या विचारास अहमदनगर हे शहर विशेष अनुकूल आहे. २०२४ पासून शहरास व जिल्ह्यास अहिल्यानगर असे अधिकृत नाव आहे. लोकव्यवहारात ‘नगर’ हे नाव रूढच आहे. निजामशाहीची ही राजधानी पुढे लष्करी छावणी झाली आणि विसाव्या शतकात भारतातील चिलखती दलाच्या शिक्षणाचे केंद्र बनली. गादीवर मांडी घालून बसणारा सरदार, घोड्यावर मांड ठोकणारा स्वार आणि पोलादी कोठीत अंग आखडून बसणारा रणगाड्यावरील सैनिक, असे शस्त्रधारी मनुष्याचे तीन आसनप्रकार या एकाच भूमीवर क्रमाने नांदले. प्रत्येक आसनाने शस्त्राची जागा बदलली.

२. कमरबंद आणि खोगीर

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद याने स्थापिलेली निजामशाही १६३६ मध्ये लयास गेली. तिच्या आश्रयाने जी चित्रकला बहरली तिचा महत्त्वाचा अवशेष म्हणजे हुसेन निजामशहा पहिला याच्या स्तुतिपर रचलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारसी काव्याचे सचित्र हस्तलिखित. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रही आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांतील दख्खनी आणि मोगल लघुचित्रांचा एकत्र विचार केला असता शस्त्रधारणेची एक रीत वारंवार आढळते. कट्यार कमरबंदात, पोटाच्या पुढच्या अंगास, मूठ वर व पाते म्यानासह खाली अशी तिरपी खोचलेली असते. तलवार मात्र आसनस्थ पुरुषाच्या अंगावर सहसा नसते. ती हाती धरलेली, समोर ठेवलेली किंवा सेवकाने उचललेली असते.

या भेदामागील कारण आसनात आहे. मांडी घालून बसलेल्या मनुष्याच्या कमरेस लांब तलवार राहू शकत नाही. तिचे टोक भूमीस टेकते आणि मूठ बरगड्यांत रुतते. आखूड कट्यार मात्र राहू शकते. कमरबंद हा अनेक वेढ्यांचा रुंद पट असल्याने दाब एका रेषेत न पडता पसरतो, आणि म्यान तिरपे असल्याने पोट व मांडी यांमध्ये होणारा कोन ते सामावून घेते. शस्त्राची लांबी, त्याचा कल, पट्ट्याची रुंदी आणि शरीराचे आसन या चार गोष्टींचा मेळ येथे घातलेला दिसतो. आज पिस्तूल ज्याला ‘पोटाशी धारण’ म्हणतात त्या रीतीने वागविणारा मनुष्य नेमके हेच चार प्रश्न नव्याने सोडवीत असतो. फरक एवढाच की कट्यारीचे टोक म्यानात निरुपद्रवी असते. पिस्तुलाच्या नळीचे तोंड तसे नसते.

घोडेस्वाराचा प्रश्न वेगळा. युरोपीय रिसाल्यांत पूर्वीची लांब नळीची पिस्तुले खोगिराच्या पुढील भागास, दोन्ही बाजूंस जोडलेल्या चामडी म्यानांत असत. होल्स्टर या शब्दाचा मूळचा रूढ अर्थ हाच. स्वाराच्या देहावर वजन नाही आणि मूठ हाताशी, असे दोन्ही लाभ त्यात होते. दोष एकच, पण तो मोठा होता : स्वार घोड्यावरून पडला की पिस्तूल घोड्याबरोबर जाई. एकोणिसाव्या शतकात रिव्हॉल्व्हर आटोपशीर झाल्यावर ते खोगिरावरून कमरेच्या पट्ट्यावर आले, त्याचे हे एक सबळ कारण. अंगापासून दूर ठेवलेले शस्त्र सोयीचे खरे. परंतु त्यावरील ताबा परिस्थितीच्या हाती राहतो. मोटारीच्या कप्प्यात किंवा पिशवीत पिस्तूल ठेवणाऱ्याची अवस्था त्या स्वाराहून निराळी नसते.

३. एका हाताच्या अधिकाऱ्याचा पट्टा

कमरेवर आलेल्या शस्त्राची जागा पक्की कशी करावी, याचे उत्तर ज्या साधनाने दिले ते भारतातच जन्मले. पंजाब इर्रेग्युलर कॅव्हलरीच्या दुसऱ्या पथकाचा कॅप्टन सॅम्युएल ब्राउन यास ३१ ऑगस्ट १८५८ रोजी रोहिलखंडातील सीरपोरा येथील चकमकीत तलवारीचे घाव बसून डावा हात खांद्यापासून गमवावा लागला. त्या काळी तलवार पट्ट्यास लोंबती असे. ती उपसताना डाव्या हाताने म्यान धरून ठेवावे लागे. ब्राउन यास तो हातच उरला नव्हता. त्याने जाड चामड्याच्या कंबरपट्ट्यास उजव्या खांद्यावरून येणारा दुसरा पट्टा जोडला. त्यामुळे डाव्या बाजूचे म्यान एका जागी स्थिर झाले, आणि उजव्या कमरेवर झडपेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूलही पक्के बसले. सॅम ब्राउन पट्टा या नावाने हे साधन पुढे ब्रिटिश साम्राज्यातील सैन्यांत व पोलीस दलांत पसरले.

या पट्ट्याचे मर्म पुष्कळदा दृष्टीआड होते. तो शोभेसाठी निर्माण झालेला नव्हता, आणि तलवार वेगाने उपसण्यासाठीही नव्हता. शस्त्राने स्वतःची जागा स्वतःच धरून ठेवावी, ती धरण्यास दुसरा हात लागू नये, एवढेच त्याचे प्रयोजन होते. दोन हात असलेल्या मनुष्यासही हे तत्त्व तितकेच उपकारक आहे. कारण जिना चढताना, गर्दीत वाट काढताना, जखमी माणसास उचलताना त्याचा एक हात सदैव गुंतलेला असतो. जे होल्स्टर एका हाताने उघडता व मिटता येत नाही, अथवा चालताना ज्यास दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागतो, ते या कसोटीस उतरत नाही.

४. पोलादी कोठीतील कमर

नगरच्या छावणीत १९२० नंतरच्या दशकात चिलखती वाहनांच्या शिक्षणाची शाळा आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे फायटिंग व्हेइकल्स स्कूल होते. आणि १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही संस्था तेथे साकार झाली. या संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये उभारलेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये माटिल्डा, व्हॅलेंटाइन, स्टुअर्ट, सेंच्युरियन, विजयंता इत्यादी सुमारे पन्नास वाहने पाहावयास मिळतात. धारणेचा प्रश्न समजून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने तेथील तोफांऐवजी माणसे आत शिरण्याच्या झाकणांकडे पाहावे. त्या तोंडातून मनुष्य पाय आधी सोडून आत उतरतो. कमर तोंडाशी येते त्या क्षणी तिच्या दोन्ही बाजूंस जे काही असेल ते पोलादावर घासते. आत गेल्यावर गुडघे वर, पाठ वाकलेली, आणि चोहोकडे मुठी, कड्या, खुंट्या व दारूगोळ्याचे कप्पे. वाहनास आग लागली तर याच वाटेने काही क्षणांत बाहेर पडावयाचे असते. अशा वेळी अडकलेला एक पट्टा माणसाच्या प्राणांवर बेततो.

ब्रिटिश सैन्यात १९३२ पासून प्रचारात आलेले एन्फील्ड क्रमांक २ हे ०.३८ इंच व्यासाचे रिव्हॉल्व्हर रणगाडा दलाकडेही होते. मूळ रचनेत त्याच्या घोड्यास मागे अंगठ्याने ओढण्यासाठी टोक होते. हे टोक वाहनाच्या आतील सामानात अडकते, अशी तक्रार झाली. आणि १९३८ मध्ये टोक नसलेला प्रकार निघाला. त्याचा घोडा अंगठ्याने मागे ओढता येत नसे. प्रत्येक वेळी चाप पूर्ण ओढूनच गोळी झाडावी लागे, व तो ओढ जड असल्याने लांबच्या नेमास बाधा येई. उघड्या मैदानावर लढणाऱ्यांस हा बदल रुचला नाही. तथापि ज्या आसनातून तो बदल उद्भवला त्या आसनाच्या दृष्टीने तो तर्कशुद्ध होता. येथे शस्त्राच्या जागेने शस्त्राची रचनाच पालटली.

होल्स्टरच्या बाबतीतही असेच घडले. रणगाडा दलासाठी केलेले जाड विणीच्या पट्टीचे होल्स्टर आरंभी लांब पट्ट्यावर मांडीशी लोंबत असे. बसलेल्या माणसाच्या कमरेस त्यामुळे मोकळीक मिळे. परंतु तोंडातून आत-बाहेर करताना हा लोंबता भाग अडकू लागला, व पुढे ते आखूड करून कमरेच्या पट्ट्यावर आणण्यात आले. अमेरिकी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात विमानचालक आणि रणगाड्यांतील सैनिक यांच्यासाठी खांद्यावरून येऊन छातीच्या बाजूस बसणारे होल्स्टर स्वीकारले. बसलेल्या माणसाची कमर व मांडी या दोन्ही जागा त्यामुळे मोकळ्या झाल्या. पहिल्या प्रकारात खांद्याचा एकच पट्टा असल्याने पिस्तूल वाकताना झुलत असे. सुधारलेल्या प्रकारात छातीभोवतीचा पट्टा जोडून तो दोष काढण्यात आला.

ब्रिटिश व अमेरिकी अनुभवांतून एकच निष्कर्ष निघतो. बसण्याच्या सोयीची जागा आणि हालचालीच्या सोयीची जागा या एक नसतात. मांडीवरील होल्स्टर बसण्यास उत्तम, पण अरुंद वाटेस घातक. कमरेवरील होल्स्टर वाटेस बरे, पण बसण्यास त्रासाचे. म्हणून निवड करताना एका आदर्श आसनाचा विचार करून भागत नाही. धारकाच्या दिवसातील सर्व आसने आणि एका आसनातून दुसऱ्यात जाण्याचे क्षण ध्यानी घ्यावे लागतात.

५. जागांचा तौलनिक विचार

कमरेवरील जागा सांगण्यास घड्याळाच्या तबकडीची उपमा रूढ आहे. बेंबी म्हणजे बारा, उजवी कमर म्हणजे तीन, पाठीचा कणा म्हणजे सहा आणि डावी कमर म्हणजे नऊ. पुढील विवेचन उजव्या हाताच्या धारकास अनुलक्षून आहे. डावखुऱ्याने बाजू उलट धराव्यात.

तीनच्या जागी, म्हणजे थेट कमरेच्या हाडावर, पिस्तूल असता हात सहज खाली सोडताच मुठीशी येतो आणि नळीचे तोंड पायाबाहेर भूमीकडे राहते. गणवेशधारी पोलिसांत ही जागा सर्वमान्य आहे. दोष असा की, हाताच्या खुर्चीत आणि मोटारीच्या आसनात मूठ अडते, व कोपर सदैव बाहेर राहिल्याने खांदा थकतो.

चार ते पाच या जागी, कमरेच्या किंचित मागे, पिस्तूल वस्त्राखाली चांगले झाकले जाते. परंतु ते धारकाच्या दृष्टीबाहेर जाते. परत म्यानात घालताना सदऱ्याची घडी चापाजवळ अडकली तर ती दिसत नाही, आणि गर्दीत मागून कोणी हात घातल्यास उशिरा कळते. टेकून बसल्यावर मूठ पाठीत रुतते.

सहाच्या जागी, अगदी कण्यावर, शस्त्र ठेवणे सर्वथा वर्ज्य समजावे. पाठीवर पडल्यास कठीण धातू व भूमी यांमध्ये कण्याचे मणके सापडतात. शस्त्र काढताना नळीचे तोंड स्वतःच्या पाठीवरून व कमरेवरून फिरते. शिवाय बसणे व टेकणे दोन्ही अवघड होते.

एक ते दोन या जागी, पोटाच्या पुढे, शस्त्र दृष्टीसमोर व दोन्ही हातांच्या कक्षेत असते. उभ्या माणसास ही जागा फार सोयीची. परंतु नळीचे तोंड जांघेकडे व मांडीकडे रोखलेले असते, आणि त्या भागातून मांडीची मोठी रोहिणी जाते. तेथील जखमेतून होणारा रक्तस्राव अल्पावधीत प्राण घेऊ शकतो. यास्तव ही जागा केवळ आखूड शस्त्र, कठीण म्यान आणि कसलेला हात या तिहींचा योग असेल तरच विचारात घ्यावी.

दहा ते अकरा या जागी, मूठ उजवीकडे वळवून ठेवलेले पिस्तूल आडव्या हाताने काढावे लागते. वाहन चालविणाऱ्यास, तसेच मोटारसायकलस्वारास, हे सोयीचे. कारण पुढे वाकून बसलेल्या देहात उजवी कमर बंद असते, पण डाव्या बाजूचा पुढचा भाग मोकळा असतो. मात्र शस्त्र काढताना नळीचे तोंड डावीकडून उजवीकडे कमान घेते व शेजारच्या माणसांवरून जाते. समोर खेटून उभ्या असलेल्या माणसाच्या हातासही मूठ आयती सापडते.

खांद्यावरील होल्स्टर वजन कमरेवरून खांद्यांवर नेते. ते झाकण्यास वर कोट लागतो, आणि नगरच्या वैशाखात कोट चढविणारा मनुष्य विरळा. त्याच्या आडव्या प्रकारात नळीचे तोंड मागे उभ्या असलेल्या माणसाकडे रोखलेले असते, ही उणीव दुर्लक्षिण्यासारखी नाही.

मांडीवरील होल्स्टर छातीवर जाड संरक्षक जाकीट घालणाऱ्यास उपयुक्त असते. तथापि त्याचे गणित लक्षात घ्यावे. पाऊल ७५ सेंटिमीटर धरले तर एक किलोमीटर चालण्यास सुमारे १,३३० पावले पडतात. त्यांपैकी निम्मी, म्हणजे सुमारे ६६५, त्या पायाची. प्रत्येक पावलागणिक पायाबरोबर ते वजन पुढे फेकावे लागते, आणि नितंबसंधीपासून ते जितके खाली तितके हे श्रम वाढतात. पायाच्या घोट्यावरील जागा या न्यायाने सर्वांत थकविणारी. शिवाय ती धुळीत व चिखलात असते, आणि उभ्या माणसाच्या हातास तर ती लाभतच नाही.

जागेइतकेच महत्त्व पट्ट्यास आहे. भरलेले पिस्तूल पाऊण ते एक किलोग्रॅम भरते. त्याचे वजन पट्ट्याच्या किंचित बाहेर टांगलेले असल्याने मऊ पट्टा पिळला जातो, मूठ बाहेर झुकते, आणि धारक पट्टा आवळू लागतो. आवळलेला पट्टा कमरेच्या हाडाच्या पुढील टोकाशी मांडीच्या बाहेरील अंगास जाणाऱ्या संवेदनातंतूवर दाब आणतो. मांडीस मुंग्या येणे किंवा जळजळ होणे हा त्याचा परिणाम होय. रुंद व ताठ पट्टा न आवळताही वजन पेलतो. अनेक धारक ज्यास पिस्तुलाचा त्रास समजतात तो पुष्कळदा पट्ट्याचा असतो.

६. सुरक्षिततेचे तीन क्षण

सुरक्षिततेच्या दृष्टीने शस्त्राच्या तीन अवस्था वेगळ्या कराव्यात : ते स्वस्थ असते ती, ते बाहेर निघते ती, आणि ते परत आत जाते ती.

स्वस्थ अवस्थेत दोन गोष्टी आवश्यक असतात. पहिली, चाप व त्याभोवतीचे कडे कठीण आवरणाने पूर्ण झाकलेले असावे. दुसरी, धावताना वा पडताना शस्त्र निसटू नये. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत यासंबंधी एक बोधप्रद दाखला आहे. एन्फील्ड क्रमांक २ चा एक प्रकार १९४२ मध्ये निघाला. उत्पादन सुलभ व्हावे म्हणून त्यातील घोडा अडविणारा सुरक्षा-भाग गाळण्यात आला होता. असे शस्त्र खाली पडल्यास आघाताने गोळी सुटण्याचा संभव असल्याने युद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरे परत घेऊन पूर्ववत करण्यात आली. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये असा अडसर नाही त्यात घोड्याखालील घर रिकामे ठेवण्याची जुनी रीत आजही शहाणपणाची आहे. गणवेशातील लॅनयार्डची दोरीही याच अवस्थेतील उपाय होय. शस्त्र हातून सुटले तरी ती त्याला भूमीवर जाऊ देत नाही. अर्थात अरुंद जागी तीच दोरी अडकू शकते, याचे भान ठेवावे लागते.

बाहेर निघण्याच्या क्षणी नळीचे तोंड धारकाच्या देहावरून किंवा इतरांवरून किती फिरते, हे जागेवर अवलंबून असते. तीनच्या जागी ते जवळजवळ फिरतच नाही. सहा, दहा आणि खांदा या जागी ते पुष्कळ फिरते. निशाण साधेपर्यंत बोट चापाबाहेर सरळ ठेवणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय.

परत आत घालण्याचा क्षण मात्र सर्वांत उपेक्षित आहे. शस्त्र काढताना घाई असू शकते. आत घालताना ती कधीच नसते. तरीही सवयीने तीच त्वरा केली जाते, आणि वस्त्राचा शेव, दोरीची गाठ किंवा जुन्या होल्स्टरचे आत दुमडलेले मऊ चामडे चापावर दाब देते. म्हणून होल्स्टरचे तोंड शस्त्र नसतानाही उघडे राहील इतके ताठ असावे. चामड्याने हे साधते, परंतु ते घाम शोषते. कमावलेल्या चामड्यातील द्रव्यांनी पोलादास गंज व पितळी काडतुसांस हिरवी पुटे चढतात. यास्तव शस्त्र रात्रभर चामडी होल्स्टरमध्ये ठेवू नये. उष्णतेने घडविलेल्या कठीण प्लास्टिकच्या होल्स्टरांत हा दोष नाही. मात्र ती त्याच नमुन्याच्या शस्त्रासाठी घडविलेली असावी लागतात. रणगाड्यासारख्या पोलादी कोठीत या क्षणाचे गांभीर्य शतगुणित होते. तेथे सुटलेली गोळी बाहेर जाऊन संपत नाही, ती आतच उसळते.

७. कायदा, हवामान आणि लोकरीत

परवानाधारक नागरिकापुरता हा प्रश्न केवळ स्वेच्छेचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये केलेल्या २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते अंगास जोडलेल्या होल्स्टरमध्ये वा तत्सम आवरणात, अथवा पाठपिशवीसारख्या साधनात असावे लागते. ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि धारकाचा त्यावर परिणामकारक ताबा असावा, असा दंडक आहे. सुरक्षित हाताळणीचे शिक्षणही या नियमांत अपेक्षिले आहे. सदऱ्याच्या किंवा बंडीच्या खिशात चाव्या व सुट्या नाण्यांबरोबर पिस्तूल टाकणे त्यामुळे धोक्याचे तर आहेच, पण नियमाशीही विसंगत आहे.

परदेशी हस्तपुस्तिकांतील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे अभ्यासकाने विशेष ध्यानी घ्यावे. त्या पुस्तिकांतील मनुष्य खुर्चीत किंवा मोटारीत बसतो, विजार व जाड पट्टा वापरतो, आणि वर्षातील बराच काळ कोट घालतो. नगर जिल्ह्यातील धारक उन्हाळ्यात पातळ सदऱ्यात असतो. धोतर वा पायजमा असेल तर ताठ पट्ट्यास आधारच नसतो. तो पंगतीस मांडी घालून बसतो, शेताच्या बांधावर उकिडवा बसतो, मोटारसायकलवर वाकून बसतो. मांडी घालताच पोटाशी असलेल्या पिस्तुलाची नळी मांडीत रुतते. उकिडवे बसताच तीनच्या जागेची मूठ बरगडीस लागते. प्रातर्विधी, देवदर्शन, लग्नसमारंभ या प्रसंगी शस्त्र अंगावरून उतरविण्याकडे कल असतो. आणि उतरविलेले शस्त्र फळीवर, गाडीच्या आसनाखाली, अथवा घरात मुलांच्या हाती लागेल अशा जागी जाते. दिवसातून पाच वेळा उतरवावे लागणारे पिस्तूल हे पाच वेळा परत खोचावे लागणारे पिस्तूल होय.

यावरून निवडीची एक साधी रीत सुचते. शस्त्र रिकामे करावे, ते रिकामे असल्याची खातरी दोघांनी स्वतंत्रपणे करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. आणि मग विचाराधीन जागी ते घरातच संपूर्ण दिवस वागवावे. उभे राहावे, मांडी घालावी, उकिडवे बसावे, खुर्चीत बसावे, जिना चढावा, वाकून वस्तू उचलावी. अंगणात उभ्या केलेल्या वाहनावरही बसून पाहावे. प्रत्येक वेळी हात शस्त्राकडे, ते सरकविण्यासाठी अथवा केवळ चाचपण्यासाठी, गेला की एक खूण करावी. ज्या जागी खुणा सर्वांत कमी ती जागा त्या मनुष्यासाठी योग्य. चाचपणारा हात इतरांसही शस्त्राची जागा सांगतो, हा मुद्दा वेगळाच. त्या जागी शस्त्र काढण्यास अर्धा क्षण अधिक लागत असेल तर सरावाने तो भरून काढता येतो. टोचणाऱ्या शस्त्राकडे दिवसभर जाणारा हात सरावाने थांबत नाही.

८. उपसंहार

कमरबंदातील कट्यार, ब्राउनचा पट्टा आणि रणगाडा दलाचे आखूड झालेले होल्स्टर या तिन्ही ठिकाणी शस्त्राची जागा धारकाच्या देहाने, त्याच्या आसनाने व कामाने ठरविली. जेथे देहाचा विचार प्रथम झाला नाही तेथे अनुभवाने तो मागाहून करावयास लावला, आणि त्या अनुभवाचे मोल कोणाला तरी मोजावे लागले. सर्वांस सरसकट लागू पडेल अशी एकच जागा नाही. पाठीच्या कण्यासारखी सर्वांनी टाळावी अशी जागा मात्र आहे. उरलेल्या जागांपैकी कोणती निवडावी, हे धारकाने आपल्या दिवसाची आसने मोजून ठरवावे. आणि ज्यास अशी कोणतीच जागा सोयीची वाटत नाही, त्याने शस्त्र अंगावर न बाळगता कुलपात ठेवणे हाही एक शास्त्रशुद्ध निर्णय होय.